पायवाटेच्या छायाचित्राशेजारी चढाचा आकडाही छापावा

मा. संपादक यांस,

सुट्ट्यांचा मोसम जवळ आला की आपल्या पर्यटन पुरवणीत परदेशातील पायवाटांवर लेख येऊ लागतात. शहरे आणि संग्रहालये यांपलीकडे वाचकांना चालायला उद्युक्त करणारा हा मजकूर मी आवडीने वाचतो, त्याची कात्रणेही ठेवतो. मात्र त्यात एक गोष्ट सतत खटकते. 'निसर्गरम्य', 'सोपी', 'कुणालाही जमेल अशी' एवढ्या विशेषणांवर आणि एका सुंदर छायाचित्रावर वाटेची ओळख आटोपते. ती वाट एकूण किती चढते, कोणत्या महिन्यांत चालण्याजोगी असते, तिच्यावर कसल्या खुणा आहेत आणि परवानगी लागते का, हे सांगायचे राहून जाते. यातील 'सोपी' या शब्दाची किंमत आम्ही एकदा मोजली आहे.

काही वर्षांपूर्वी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी, पत्नी आणि मेहुणी असे तिघे स्वित्झर्लंडमध्ये होतो. सहल ज्या पर्यटन संस्थेकडून ठरवली होती, तिच्या माहितीपत्रकात एका खिंडीपर्यंतची वाट 'अर्ध्या दिवसाची सोपी चाल' म्हणून दिलेली होती. सुरुवातीला असलेल्या पिवळ्या पाटीचे टोक पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्यांनी रंगवलेले होते. ते आम्ही पाहिले आणि शोभेचे समजून सोडून दिले. दोन तास चढल्यावर, खिंड समोर दिसत असताना, सावलीतल्या उतारावर बर्फाचा एक पट्टा आडवा आला. तो जेमतेम तीस पावले रुंद असेल, पण आधी गेलेल्यांच्या पावलांचे ठसे रात्रीच्या थंडीने गोठून गुळगुळीत झाले होते आणि त्याखाली सुट्या दगडांची घसरण थेट दरीपर्यंत गेली होती. साधे कापडी बूट घातलेल्या पत्नीने पहिलेच पाऊल टाकले आणि ती गुडघ्यावर आपटली. मी तिच्या सॅकचा पट्टा धरला म्हणून निभावले. आम्ही तिथूनच परतलो.

खाली आल्यावर मुक्कामाच्या मालकीणबाईंनी त्या पट्ट्यांचा अर्थ सांगितला. स्वित्झर्लंडमध्ये नुसती पिवळी खूण म्हणजे साध्या बुटांनी चालता येईल अशी वाट. पांढरी-लाल-पांढरी खूण म्हणजे डोंगरवाट, जिथे पाय न घसरण्याची सवय, चांगल्या तळव्याचे बूट आणि उंचीची भीती नसणे गरजेचे. आणि पांढरी-निळी-पांढरी म्हणजे कातळ, हिमनदी किंवा दोर यांच्याशी गाठ पडू शकते अशी वाट. तिथल्या पाट्यांवर अंतराऐवजी लागणारा वेळ लिहिलेला असतो आणि त्यात विश्रांतीचा वेळ धरलेला नसतो, हेही आम्हाला तेव्हाच कळले. ही सगळी माहिती दोन ओळींत मावते. त्या दोन ओळी माहितीपत्रकात असत्या तर आम्ही दुसरी वाट धरली असती.

खुणांची भाषा देशागणिक बदलते. नॉर्वेच्या डोंगरात दगडांच्या रचलेल्या ढिगांवर लाल रंगाचे 'टी' अक्षर असते. ते जपणारी तिथली पदभ्रमण संघटना १८६८ सालची आहे. अमेरिकेतील सुमारे ३,५०० किलोमीटरच्या अपालाचियन वाटेवर झाडांच्या बुंध्यांवर पांढऱ्या उभ्या पट्ट्या रंगवलेल्या असतात आणि त्या ताज्या ठेवण्याचे काम बहुतांशी स्वयंसेवक करतात. स्पेनमधील सांतियागोच्या यात्रामार्गावर घरांच्या भिंती, विजेचे खांब, रस्त्याकडेचे दगड अशा मिळेल त्या जागी पिवळे बाण दिसतात. १९८०च्या दशकात ओ सेब्रेरो या डोंगरगावचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी स्वतः हिंडून ते रंगवायला सुरुवात केली. धुक्यात सापडलेल्या माणसाला असा एखादा बाण दिसला की किती हायसे वाटते, हे मी स्वतः अनुभवले आहे.

परवानगी आणि मोसम यांबाबतची त्रोटक माहिती तर वाचकाच्या खिशालाच भोवते. पेरूमधील माचू पिचूला जाणाऱ्या इंका वाटेवर दिवसाला ५०० माणसांनाच प्रवेश असतो, त्यांत गाईड आणि हमालही धरलेले असतात, परवानाधारक संस्थेशिवाय जाता येत नाही आणि फेब्रुवारीत ती दुरुस्तीसाठी बंद असते. न्यूझीलंडच्या ५३.५ किलोमीटरच्या मिलफोर्ड वाटेवर मोसमात स्वतंत्रपणे चालणाऱ्या ४० जणांनाच रोज सोडतात, एकाच दिशेने जावे लागते आणि ठरलेल्या हटमध्येच मुक्काम करावा लागतो. विमानाचे तिकीट आधी काढून आरक्षणाचा विचार नंतर करणाऱ्याच्या पदरी निराशाच पडते. उलट स्कॉटलंडमध्ये २००३च्या कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवरून जबाबदारीने चालण्याचा हक्क सर्वांना दिला आहे. तिथे परवाना लागत नाही, पण कुरणाचे फाटक जसे आढळले तसेच ठेवून पुढे जाणे ही चालणाऱ्याची जबाबदारी असते. शेजारच्या इंग्लंडमध्ये १९३२ साली मोकळ्या माळांवर चालण्याच्या हक्कासाठी किंडर स्काउटच्या खासगी माळावर सामूहिक घुसखोरी करून काही तरुणांनी तुरुंगवास भोगला आणि पेनाइन वे ही लांब पल्ल्याची वाट १९६५ साली खुली झाली. अशा वाटेवर चालताना हा इतिहास ठाऊक असावा असे मला वाटते. लेखात त्याला एका वाक्याची तरी जागा द्यावी.

चढाचा आकडा मी मुद्दाम शेवटी घेतला आहे, कारण सर्वांत जास्त फसगत तिथेच होते. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन देशांतून माँ ब्लाँ पर्वताला घातली जाणारी प्रदक्षिणा सुमारे १७० किलोमीटरची आहे आणि दहा-अकरा दिवसांत पूर्ण होते, एवढेच वाचले तर रोजचे १५-१७ किलोमीटर कुणालाही सहज वाटतील. परंतु त्या वाटेवरचा एकूण चढ जवळपास १०,००० मीटर भरतो, म्हणजे एव्हरेस्टच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीहूनही अधिक, आणि तेवढेच उतरायचेही असते. उतार म्हणजे आराम हाही गैरसमजच आहे. ग्रीसमधील क्रीट बेटावरची १६ किलोमीटरची सामारिया घळ जवळजवळ पूर्ण उताराची आहे, पण १,२०० मीटरहून अधिक उतरताना गुडघे बोलू लागतात. आणि ती जिथे संपते त्या आयिया रूमेली गावाला मोटाररस्ता नसल्याने बोटीची वेळ चुकवून चालत नाही. नेपाळात एव्हरेस्टच्या ५,३६४ मीटरवरील तळापर्यंत जाणाऱ्याने ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, हा नियम तर ठळक अक्षरांत छापायला हवा.

वाचकांना घाबरवण्याचा माझा हेतू नाही. खरोखर सोप्या म्हणता येतील अशा वाटाही पुष्कळ आहेत. पोर्तुगालच्या मदेरा बेटावर डोंगरातले पाणी शेतीकडे नेणारे लेवादा नावाचे पाट आहेत आणि त्यांच्या काठाने वाटा जातात. पाणी संथ वाहावे म्हणून पाटाला अगदी बेताचा उतार दिलेला असतो, त्यामुळे त्याच्या सोबतीने चालणाऱ्याची दमछाक होत नाही. मात्र काही ठिकाणी एका बाजूला कडा असतो आणि काही पाट बोगद्यांतून जातात, म्हणून हेडटॉर्च न्यावा, एवढे लेखात यायला हवे. बोगद्यात डोकी वाकवून, हातभर अंतरावर वाहत्या पाण्याचा आवाज ऐकत आम्ही तिघे चाललो, तो दिवस माझ्या सर्व भटकंतीत मला फार प्रिय आहे.

म्हणून विनंती अशी की, पुरवणीतील प्रत्येक वाटेच्या लेखासोबत चार ओळींची छोटी चौकट द्यावी. आमच्या त्या अर्धवट राहिलेल्या वाटेपुरती ती अशी झाली असती: एकूण चढ ९०० मीटर, खूण पांढरी-लाल-पांढरी, योग्य काळ जुलै ते सप्टेंबर, परवानगी लागत नाही.

आपला नम्र,
एक नियमित वाचक