हात असलेले दगड

शानलिउर्फा, तुर्कस्तान
२४ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर म्हणालीस, "एवढे पैसे घालून दगड बघायला गेलीस?" हो गं, दगडच बघितले. पण त्या दगडांना हात आहेत.

इथून बसने अर्ध्या तासावर गोबेक्ली टेपे ही टेकडी. वर भलंमोठं छप्पर, खाली गोल भिंती, आणि मधोमध इंग्रजी टी अक्षरासारखे दोन खांब, साडेपाच मीटर उंच. चेहरा नाहीच. पण कडेने बघितलं की कोपरात वाकलेले हात दिसतात, लांब बोटं पोटावर जुळत आलेली, कमरेला पट्टा, आणि पट्ट्याखाली कोल्ह्याचं कातडं. साधारण साडेअकरा हजार वर्षांपूर्वी कोरलंय हे! तेव्हा शेती नाही, मडकं नाही, लोखंड तर नाहीच. गारगोटीच्या हत्यारांनी कोरलं. मी त्या बोटांपाशीच अडकले. ग्रुप पुढे गेला, गाइडला मला शोधायला परत यावं लागलं.

ग्रुपमधले एक निवृत्त इंजिनिअर म्हणतात, हे परग्रहवाल्यांचं काम. मला रागच आला. जवळच्या खाणीत सात मीटरचा एक खांब अर्धवट कापून तसाच पडलाय. परग्रहवाले काय जेवायला उठले आणि परत आलेच नाहीत?

क्लाउस श्मिट नावाचे जर्मन संशोधक १९९५ पासून २०१४ मध्ये वारेपर्यंत इथे खोदत होते. त्यांचं म्हणणं, माणसं आधी देवासाठी जमली आणि एवढ्या तोंडांना खाऊ घालता घालता शेतीकडे वळली. म्हणजे बाबांचं 'आधी पोटोबा, मग विठोबा' उलटंच झालं! आणि गोबेक्ली टेपे म्हणजे 'ढेरपोटी टेकडी', हे बाबांना आवर्जून सांग. पुढे तिथेच राहती घरं सापडली, रानटी धान्य वाटायचे हजारो दगड सापडले. तेव्हा पोटोबाही तिथेच होता म्हणायचा. शाळेत आधी शेती, मग गाव, मग देऊळ असं घोकलेलं. ती घडीच विसकटली माझी. रात्री झोप नाही लागली.

तुझ्यासाठी इथली काळपट इसोत मिरची घेतलीय. आणि पाटा-वरवंटा भंगारवाल्याला देणार होतीस ना, तो देऊ नकोस. दिवाळीत आले की टाकी लावून घेऊ.

तुझी,
नीलू