रणदिवेबाईंच्या गळ्यात स्टेथोस्कोप कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल तुमच्या पुरवणीतला डॉ. कमल रणदिवे यांच्यावरचा लेख वाचला. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे सीमाभागातल्या मराठी माणसांच्या काळ्या दिनाच्या आणि कर्नाटक राज्योत्सवाच्या, बातम्या ओसरल्यावर का होईना, बाईंच्या वाट्याला अर्धं पान आलं, त्याबद्दल आभार. पण नावामागे ‘डॉ.’ दिसलं की गळ्यात स्टेथोस्कोप अडकवायचाच, असा तुमच्याकडे नियम आहे का? ‘ब्लड कॅन्सरचे असंख्य रुग्ण बरे करणाऱ्या’ हे कुठून आणलंत?

बाई दवाखान्यातल्या डॉक्टर नव्हत्या, जीवशास्त्रज्ञ होत्या. एम.एस्सी.ला सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं अभ्यासली, १९४९ साली कर्करोग संशोधक डॉ. खानोलकरांच्या हाताखाली पीएच.डी. केली. मग बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी शरीराबाहेर वाढवण्याचं तंत्र शिकून आल्या आणि मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये तशी प्रयोगशाळा उभी केली. ल्युकेमियावर, स्तनाच्या कर्करोगावर त्यांनी जे काम केलं ते उंदरांवर आणि काचेतल्या पेशींवर. गाठ येण्यात आनुवंशिकता किती, संप्रेरकं किती, विषाणू किती, हा त्यांचा प्रश्न. यातलं लेखात काय आहे? घर सांभाळून संशोधन केलं, हे मात्र तीनदा आहे.

आणि कुष्ठरोगावर एक ओळ नाही! कुष्ठाचा जंतू प्रयोगशाळेतल्या पोषक द्रव्यावर आजही वाढत नाही. १९५८ च्या सुमारास बाईंच्या संस्थेत रुग्णाच्या गाठीतून एक जंतू वेगळा काढून वाढवला गेला, त्याला संस्थेचंच नाव मिळालं, ‘आय.सी.आर.सी. बॅसिलस’. तो खरा कुष्ठाचा की त्याचा भाऊबंद, यावर पुढे वाद झाले, भाऊबंदच निघाला. तरी त्यावरून लस तयार झालीच. १९६४ साली वाटुमल फाउंडेशनचा पुरस्कार बाईंना मिळाला तो सूक्ष्मजीवशास्त्रासाठी. हे सगळं कापलंत, कशासाठी? खाली दागिन्यांच्या दुकानाची जाहिरात बसावी म्हणून?

मला हे लागतं त्याला कारण आहे. बेळगावच्या एका कॉलेजात प्रवेशाचा अर्ज घेऊन गेले तेव्हा तिथल्या सरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “मायक्रोबायोलॉजी घेऊन काय करतीस? दही लावतीस?” सगळं ऑफिस हसलं. शेजारी उभे असलेले माझे वडीलसुद्धा कसनुसं हसले. त्या सरांचं नाव लिहीत नाही, त्यांची नातवंडं तुमचा पेपर वाचत असतील. पुढे उभा जन्म एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काढला. रुग्णाच्या कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन काचपट्टीवर थर घ्यायचा, त्यावर लाल रंग ओतून खालून स्पिरिटचा दिवा फिरवायचा. वाफ आली पाहिजे, उकळी फुटता कामा नये. आम्लाने धुऊन निळा रंग दिला की निळ्या पटलावर कुष्ठाचे जंतू लाल काड्यांच्या जुड्यांसारखे दिसतात. कार्बोल फुक्सिनची ती लाली नखांतून जात नाही, हळदीकुंकवाला गेलं की बायका विचारायच्या, मेंदी कुठली गं? असो. दही मात्र मला अजून धड लावता येत नाही.

तेव्हा कुणी रणदिवेबाईंचं नाव घेऊन “अगं, हे बघ” म्हटलं असतं तर बरं झालं असतं. आज आमच्या खानापूर तालुक्यातल्या पोरी सायन्सला जातात आणि घरचे विचारतात, डॉक्टर होणार नाहीस तर मग कशाला? तुमच्या लेखाने त्या घरच्यांचीच बाजू घेतली. बाई निवृत्तीनंतर अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचं काम करत होत्या, १९७३ साली त्यांनी इतर शास्त्रज्ञ स्त्रियांबरोबर भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली. एवढं छापायला दोन ओळी पुरल्या असत्या.

दुरुस्ती छापणार असाल तर कृपया मुख्य अंकात छापा. पुरवणी आमच्या खानापुरात येतच नाही. शहापूरला बहिणीकडे गेले होते म्हणून हा लेख हाती लागला. एजंटला विचारलं तर म्हणतो, “बाई, वरूनच येत नाही.” पैसे मात्र आम्ही पुरवणीसकटचे देतो.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, खानापूर (जि. बेळगाव)