इंजेक्शननंतरही बाळाच्या डोळ्यांवर लक्ष हवे

मा. आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री, कर्नाटक राज्य, यांस
स. न. वि. वि.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलावरील, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावरील, रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोहोचलेल्या नसतात. पुढे त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा ओढला जाऊन सुटतो. हाच आरओपी (रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी) हा आजार. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे ३० दिवसांच्या आत तपासायलाच हवेत. २८ आठवड्यांआधीच्या किंवा १२०० ग्रॅमखालच्या बाळाचे दोन-तीन आठवड्यांतच. उपचार करायचे ठरले की हाती जेमतेम ४८ ते ७२ तास उरतात.

प्रशिक्षित तंत्रज्ञाने नवजात कक्षात फोटो काढावेत आणि तज्ज्ञाने दुरून वाचावेत, ही पद्धत किड्रॉप या आरओपी तपासणीच्या उपक्रमाने २००८ पासून आपल्याच राज्यात रुजवली. आमची काळजी त्यापुढची आहे.

हल्ली काही बाळांना लेसरऐवजी डोळ्यात वाहिन्यांची वाढ रोखणारे इंजेक्शन देतात. फुगलेल्या वाहिन्या काही दिवसांत बसतात, डोळा शांत दिसतो आणि घरच्यांना वाटते, सुटलो. पण कडेचा पट्टा वाहिन्यांविनाच राहिलेला असू शकतो. आजार दोन-तीन महिन्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, उलटतो. हा पट्टा साध्या फोटोत नीट उमगत नाही. फ्लुरेसिन अँजिओग्राफीत उमगतो. फ्लुरेसिन या चमकणाऱ्या रंगाचे १० टक्के द्रावण वजनाच्या किलोमागे ०.१ मिली शिरेतून द्यायचे आणि निळ्या प्रकाशात फोटो घ्यायचे. काळे दिसते तिथे वाहिनी नाही. पांढरे पसरत जाते तिथे कच्ची वाहिनी गळते आहे. लेसर कुठे द्यायचा, आधीचा कुठे राहून गेला, हे त्यावरून ठरते. राहिलेला एक तुकडाही आजार पुढे रेटू शकतो.

आणि नेमकी याच महिन्यांत बाळे हातची सुटतात. बाळंतपण माहेरी खानापूर-निपाणीला, सासर चंदगड-गडहिंग्लजला. बाळ हद्द ओलांडते, फोटो इकडच्याच संगणकात राहतात. तिकडच्या डॉक्टरांना आधीचा पट्टा कुठवर होता हेच कळत नाही.

म्हणून आरओपीच्या प्रत्येक बाळाचे मूळ फोटो, इंजेक्शनचे नाव, मात्रा आणि तारीख पालकांच्या हाती द्यावी. डिस्चार्ज कार्डावर पुढच्या तपासण्यांच्या तारखा कन्नडबरोबर मराठीतही असाव्यात. बाळ हद्दीपलीकडे गेले की तिथल्या आशाताईंना कळवण्याची व्यवस्था महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याशी बोलून लावावी. बेळगावात अँजिओग्राफीची सोय असलेला वाइड-फील्ड (पडद्याचा कडेपर्यंतचा भाग टिपणारा) कॅमेरा सरकारी रुग्णालयात कायम असावा, आणि तपासणीवेळी नवजात तज्ज्ञ जवळ असावा; इतक्या लहान जिवाचा श्वास मध्येच थांबू शकतो.

आपले,
बेळगाव सीमाभागातील नेत्र व बालआरोग्य कार्यकर्ते