सुनेचा व्हिसा अडलाय कुठे?

ती. आई-बाबांस,
सा. न.

प्रत्येक फोनच्या शेवटी तुम्ही एकच प्रश्न विचारता, सुनेचा अमेरिकेचा व्हिसा अडलाय कुठे, आणि मी "चालू आहे" एवढंच म्हणतो. त्यानं तुमचा जीव आणखीच टांगणीला लागतो हे मला कळतं. म्हणून आज सगळं सविस्तर लिहितोय. बाबा, तुम्ही शांतपणे वाचा. आई, पत्रात मधे ज्या कागदांबद्दल लिहिलंय ते तेवढे तू बघ, कारण त्यातले बरेचसे तुझ्याच कपाटात निघतील.

आधी एक गैरसमज दूर करतो. लोक सांगतात, अमक्याच्या सुनेला दोन महिन्यांत व्हिसा मिळाला. तो बहुतेक वेळा एच-४ असतो. नवरा एच-१बी या कामाच्या व्हिसावर नोकरीला, बायको त्याच्यावर अवलंबून, आणि मुदत ठरलेली. आपण मागतोय तो इमिग्रंट व्हिसा. तो घेऊन ती विमानतळावरून बाहेर पडेल तेव्हाच इथली कायमची रहिवासी झालेली असेल. दोन्हींची वाट वेगळी आणि रांगही वेगळी, त्यामुळे ती तुलना मनातून काढून टाका.

आपली फाइल तीन ठिकाणांहून जाते. पहिलं यूएससीआयएस, म्हणजे नागरिकत्व आणि स्थलांतराचं कार्यालय, हे इथल्या गृहसुरक्षा खात्याखाली येतं. दुसरं नॅशनल व्हिसा सेंटर, न्यू हॅम्पशायर राज्यातल्या पोर्ट्समथ गावी. तिसरी आपली मुंबईची वकिलात, वांद्रे-कुर्ला संकुलातली. शेवटची दोन परराष्ट्र खात्याकडे आहेत. एकाला दुसऱ्याच्या टप्प्याचं विचारलं तर उत्तर मिळत नाही. "कुठेतरी ओळख लावून बघ" असं बाबा म्हणाले होते. बाबा, इथे ओळख लावायला जागाच नाही. जो एजंट पैसे घेऊन तारीख आणून देतो म्हणेल त्याला एक रुपयाही देऊ नका. या टप्प्यावरची फी मी इथल्या बँक खात्यातून सरकारी संकेतस्थळावरच भरतो, भारतात रुपयांत कुणी मागितली तर ती फसवणूक समजा. आणि सरकारी ईमेलचा पत्ता डॉट जीओव्हीनंच संपतो.

पहिला टप्पा, म्हणजे बायकोसाठी मी केलेला आय-१३० अर्ज, मंजूर झालाय. ऑनलाइन भरला तर त्याची फी एप्रिल २०२४ पासून ६२५ डॉलर, कागदावर ६७५. एवढ्याच टप्प्याला वर्षाहून जास्त लागणं आता नेहमीचं झालंय. त्यात आपलं काही चुकलं नव्हतं. लग्नाच्या पुराव्यात उणीव असती तर आणखी कागद मागणारी नोटीस आली असती, तिला उत्तर द्यायला ८४ दिवस मिळतात आणि तेवढी फाइल बाजूला पडून राहते. तशी नोटीस आली नाही, कारण रजिस्ट्रारचा दाखला, साखरपुड्यापासूनचे फोटो आणि प्रवासाचे शिक्के आपण सुरुवातीलाच जोडले होते.

मी इथला नागरिक असल्यामुळे बायकोच्या व्हिसाला वार्षिक संख्येची मर्यादा लागत नाही. मी नुसता ग्रीन कार्डधारक असतो तर ती एफ-२ए नावाच्या गटात गेली असती आणि कुणाचा नंबर आला ते सांगणाऱ्या दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनकडे डोळे लावून बसावं लागलं असतं. व्हॉट्सअपवर "बुलेटिन मागे सरकलं" असा निरोप आला तर तो आपल्यासाठी नाही, त्या रात्री झोप खराब करून घेऊ नका.

आता आपण व्हिसा सेंटरपाशी आहोत. केस नंबर बीएमबी या अक्षरांनी सुरू होतो. शहराचं नाव १९९५ साली बदललं, अमेरिकी यंत्रणेत मात्र अजून बॉम्बेच आहे, तेव्हा तो नंबर चुकीचा नाही. इथे दोन फिया आहेत, व्हिसा अर्जाचे ३२५ डॉलर आणि आर्थिक हमीच्या कागदांचे १२०. त्या जमा झाल्यावर डीएस-२६० हा लांबलचक फॉर्म तिनं भरायचा. वयाच्या सोळाव्या वर्षापासून ती जिथे जिथे राहिली ते सगळे पत्ते, महिन्या-वर्षासह. हॉस्टेलचा पत्ता गाळायचा नाही. माझ्याकडून आय-८६४ हे हमीपत्र आणि कराचे कागद. दोघांच्या कुटुंबाला २०२५ च्या तक्त्याप्रमाणे वर्षाला किमान २६,४३७ डॉलर उत्पन्न दाखवावं लागत होतं. माझं त्याहून जास्त आहे, ती काळजी नको.

खरी पंचाईत होते ती आपल्याकडच्या कागदांवरून, आणि त्याचं कारण घरोघरी सारखंच. मूल जन्मलं की दवाखान्यातून नोंद नगरपालिकेत जाते, नाव मात्र बारशाला ठेवतात. मग दाखल्यावर आईवडिलांची नावं असतात आणि बाळाच्या नावाची जागा कोरी. असा दाखला व्हिसा सेंटर परत पाठवतं, आणि परत आलेला कागद दुरुस्त करून चढवला की तपासणीसाठी पुन्हा रांगेत जातो. एका कागदापायी आठवडे जातात. म्हणून तिच्या आईबाबांना आजच फोन करून विचारा, दाखल्यावर तिचं नाव आहे का. नसेल तर जिथे नोंद झाली त्या कार्यालयात नाव चढवून नवा दाखला घ्यायचा. नोंदच सापडत नसेल तर "नोंद उपलब्ध नाही" असं त्यांचंच पत्र, सोबत जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं आणि शाळा सोडल्याचा दाखला. फक्त मराठीत असलेल्या कागदाचं इंग्रजी भाषांतर लागतं, आणि भाषांतर अचूक आहे व आपल्याला दोन्ही भाषा येतात असं भाषांतर करणाऱ्यानं सहीनिशी लिहून द्यायचं.

आई, तू विचारलं होतंस की पासपोर्टवर तिचं आडनाव आपलं कधी करायचं. आत्ता नको. तिच्या जन्मदाखल्यापासून पदवीपर्यंत सगळीकडे वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव आहे, पासपोर्टही तसाच आहे, हे एका माळेत बसतंय. मधेच पासपोर्ट बदलला तर फॉर्म उघडून घ्यावा लागेल आणि जुना-नवा दोन्ही पासपोर्ट दाखवावे लागतील. नाव बदलायचंच असेल तर ती इथे आल्यावर बदलेल, आणि तेही तिला हवं असेल तर. काही घरांत लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलतात. तिथे राजपत्रातली नोंद आणि "दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. आपण ते केलं नाही हे फार बरं झालं.

पोलिसांचा दाखला, म्हणजे पीसीसी, पासपोर्ट सेवा केंद्रातून काढायचा. फी ५०० रुपये. पासपोर्टवरचा पत्ता आणि आत्ताचा पत्ता वेगळा असला की पोलीस पडताळणी नव्यानं होते आणि तिथे वेळ जातो. ती आपल्याकडे आणि माहेरी अशी दोन्हीकडे राहते, तेव्हा पडताळणीला जो पत्ता दिलाय तिथे त्या दिवसांत तिनं असायला हवं. दाखला दोन वर्षं चालतो. तो काढायची आता हीच वेळ आहे.

हे सगळं पास झालं की "कागदपत्रं पूर्ण" असा ईमेल येतो. लोक त्याला डीक्यू म्हणतात. त्या तारखेप्रमाणे मुलाखतीची रांग लागते. खोळंबा मुख्यतः इथे असतो, कारण महिन्याला किती मुलाखती घ्यायच्या हे वकिलातीच्या मनुष्यबळावर ठरतं आणि आपला नंबर कितवा हे कुणी सांगत नाही. या काळात करण्यासारखं फार थोडं असतं. मी खात्यात लॉगिन करत राहतो, कारण नोटीस मिळाल्यापासून वर्षभर आपल्याकडून काहीच संपर्क झाला नाही तर केस बंद करण्याची कायद्यात तरतूद आहे. एवढ्यात नव्या वर्षाचं कर विवरणपत्र भरलं गेलं तर त्याची प्रत मुलाखतीला न्यायची.

घाई करण्याची विनंती करता येते, पण तिला कारण लागतं. जिवावरचं आजारपण, तेही डॉक्टरांच्या कागदांसह, अशा स्वरूपाचं. ताटातूट हे कारण धरत नाहीत, कारण रांगेतल्या प्रत्येकाचीच ताटातूट झालेली असते. माझ्या भागाच्या खासदाराच्या कचेरीतून चौकशी करता येते. मी संमतीपत्र भरून दिलं की ते वकिलातीला विचारतात, त्यानं रांग ओलांडली जात नाही, पण फाइल कुठे हरवलेली नाही एवढं कळतं. केस फारच रेंगाळली तर संघीय न्यायालयात दावा लावतात. न्यायालयाची फी ४०५ डॉलर, वकिलाची वेगळी. त्यातून निर्णय घ्या एवढंच सांगता येतं, मंजूर करा असं नाही. आपली वेळ तिथवर आलेली नाही.

आणि "तोवर टुरिस्ट व्हिसावर महिनाभर जाऊन येऊ दे" याबद्दल. त्या फॉर्ममध्ये स्पष्ट प्रश्न असतो की तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट अर्ज केलाय का. खरं उत्तर दिलं की अधिकारी म्हणणार, ही परत येणार नाही, आणि बहुधा नाकारणार. खोटं दिलं तर कायमची बंदी येऊ शकते. त्यापेक्षा मी येणं सोपं. माझ्या येण्याचा शिक्का आणि बोर्डिंग पास मुलाखतीत पुरावा म्हणूनही उपयोगी पडतात, तेव्हा मागच्या खेपेचे कागद टाकू नका.

मुलाखतीची तारीख आली की मगच वैद्यकीय तपासणी, तीही वकिलातीनं नेमलेल्या डॉक्टरांकडेच. आधी करून ठेवायचा मोह नको. अहवाल साधारण सहा महिने चालतो आणि व्हिसाची मुदतही त्यावरच ठरते. छातीच्या एक्स-रेत जुना डाग दिसला तर लागोपाठ तीन दिवस थुंकीचे नमुने घेतात आणि कल्चरचा, म्हणजे जंतू वाढतात का ते बघण्याच्या तपासणीचा, निकाल यायला आठेक आठवडे लागतात. तसं झालं तर घरात रडारड नको, आपल्याकडे असे डाग पुष्कळांना असतात. माहेरी तिचे जुने एक्स-रे, उपचाराचे कागद आणि लहानपणचं लसीकरणाचं कार्ड असेल तर ते शोधून ठेवायला सांगा. नसलेल्या लसी तिथेच टोचतात.

मुलाखतीला ती एकटी जाईल. मी असणं बंधनकारक नाही. अधिकारी विचारतात ते साधं असतं, ओळख कशी झाली, लग्नाला कोण आलं होतं, नवरा काय काम करतो. ठरवून झालेल्या लग्नात भेटी मोजक्याच झालेल्या असतात, ते तसंच सांगायचं. पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखू येतं. एखादा कागद हवा असला तर २२१(जी)ची चिठ्ठी देतात. त्यानंतर संकेतस्थळावर "रिफ्यूज्ड" असा शब्द दिसतो आणि माणसं हबकतात. पुष्कळदा त्याचा अर्थ फक्त एवढाच असतो की मागितलेला कागद दिल्यावर फाइल पुढे सरकेल. तुम्ही दोघं तो शब्द बघून कुणाला फोन करू नका, आधी मला करा.

या उशिरात आपल्या फायद्याची एक गोष्ट आहे. इथे पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळतं, आणि मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ हा फॉर्म भरून लग्न पुन्हा सिद्ध करावं लागतं. दोन वर्षं उलटली असतील तर थेट दहा वर्षांचं कार्ड. आपल्या लग्नाला दीड वर्ष होऊन गेलंय. व्हिसा हातात आला आणि लग्नाचा दुसरा वाढदिवस चार-सहा आठवड्यांवर असला, तर व्हिसाची मुदत बघून मी तिला तेवढं थांबायला सांगणार आहे. व्हिसावर सीआर-१, म्हणजे सशर्त प्रकार, छापलं असेल तर विमानतळावरच्या अधिकाऱ्याला लग्नाची तारीख दाखवून आयआर-१, म्हणजे बिनशर्त, करून घ्यायचं. निघण्याआधी २३५ डॉलरची आणखी एक फी असते, ती मी भरेन.

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते. तिनं नोकरी सोडायची नाही. व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर बसल्याशिवाय राजीनामा नाही, तिकीट नाही, सामानाची बांधाबांध नाही. "आता काय, जाणारच आहे" असं तिच्यासमोर कुणी म्हणालं की तिचं तिथलं सगळं तात्पुरतं होऊन जातं. कचेरीतली बढती ती नाकारते, कोर्सला नाव घालत नाही, मैत्रिणींच्या सहलीला जात नाही. अशी दोन वर्षं पुन्हा मिळत नाहीत. तिला प्रशिक्षणाला बाहेरगावी जायचं असेल तर जाऊ द्या, आणि माहेरी महिनाभर राहायचं असेल तर कधी परत येणार असं विचारू नका. सण दोन्ही घरी वाटून घ्या.

नातेवाइकांना एकच उत्तर द्या, "नंबर लागला की कळवू." तिला उत्तर द्यायला लावू नका. लग्नघरात चारचौघांत तिला तारीख विचारली जाते तेव्हा ती हसते आणि रात्री मला फोनवर गप्प असते. आई, अशा वेळी तू मधे बोल, तुझा शब्द कुणी खाली पडू देत नाही. मी स्थिती पंधरवड्यातून एकदाच बघायचं ठरवलंय, शनिवारी सकाळी. रोज बघून काही हलत नाही. काही बदललं तर त्याच दिवशी फोन करीन, फोन आला नाही तर काही बदललेलं नाही असं समजा.

या आठवड्यात एवढं करा. तिच्या जन्मदाखल्यावर नाव आहे का ते कळवा. लग्नपत्रिकेच्या दोन प्रती आणि अल्बममधले दोन्हीकडची माणसं एकत्र असलेले पंधरा-वीस फोटो वेगळे काढा, मागे पेन्सिलीनं तारीख आणि कोण कोण आहे ते लिहा. विवाह नोंदणीचा मूळ दाखला बँकेच्या लॉकरमध्ये आहे, तो बाबांनी आणून घरात ठेवावा, तारीख कळल्यावर हाताशी वेळ थोडा असतो. स्कॅन करताना मागची बाजूही करा, कोरी असली तरी.

तुमचा
धाकटा