उपकेंद्रात पाणी आलं, आभार!

पेठ तालुक्यात पावसाळ्यात धो धो कोसळतं, पण कातळात पाणी मुरत नाही. होळी सरली की विहिरी तळ गाठतात. आमच्या आरोग्य उपकेंद्रात बाळंतिणीसाठीसुद्धा हंड्याने पाणी आणावं लागायचं. आता वरच्या बारमाही झऱ्यावरून पाइप आलाय, टाकी आणि फिल्टरही बसलाय.

नाशकात रविवार कारंजावर भर उन्हात या कामासाठी मदतीचा डबा घेऊन उभी राहिलेली कॉलेजची पोरं, भाजीच्या पिशवीतून चुरगळलेली नोट काढून देणाऱ्या मावशी, ‘पावतीवर नाव नको’ म्हणणारे काका, मजुरी न घेता चर खणणारे गावकरी, सगळ्यांचे मनापासून आभार. प्लंबरदादांनी तर उलट आम्हालाच चहा पाजला, हे जरा अतीच झालं!

सिस्टरबाई आता कोपराने उघडायच्या नळावर हात धुतात. टाकीत पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल पावडर टाकायचं काम आशाताईंनी अंगावर घेतलंय.