निर्वाण जिवंतपणी अनुभवायचं आहे

माननीय संपादक,
सविनय जयभीम.

बुद्ध पौर्णिमेनिमित्त आपल्या पुरवणीत आलेला निर्वाणावरचा लेख वाचला. लेखकाने आदरानेच लिहिलं आहे. पण निर्वाण म्हणजे साऱ्या इच्छा मारून जगाकडे पाठ फिरवणं आणि शेवटी शून्यात विरून जाणं, म्हणून बौद्ध धम्म मुळात निराशेचा, हा त्यांचा निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही. तो खोडून काढावा म्हणून हे पत्र.

मी सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन होतं, ते बरीच वर्षं माझ्याकडे आहे. ऐकायला येणाऱ्या बाया दिवसभर राबून आलेल्या असतात. कुणी धुणीभांडी करते, कुणी चार घरचा स्वयंपाक, कुणी भाजी विकते. आपली पुरवणी त्यांच्यातलीच एक जण रविवारच्या वंदनेला घेऊन आली आणि म्हणाली, “सिस्टर, शेवटी सगळं सोडून विझूनच जायचं, तर लेकरांना एवढं शिकवायचं तरी कशासाठी?” लेखातलं खरं असतं, तर तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नसतं.

तथागतांना, म्हणजे बुद्धांना, बोधगयेत बोधी मिळाली तेव्हा त्यांचं वय ३५ होतं. कुशीनगरला दोन शालवृक्षांमध्ये त्यांचं महापरिनिर्वाण झालं ते ८०व्या वर्षी. मधली ४५ वर्षं लेखात कुठेच नाहीत. आसक्ती, द्वेष आणि मोह ज्याच्या मनातून पुरते गेले होते असा माणूस ती सगळी वर्षं गावोगाव पायी हिंडत होता, राजांशी बोलत होता, भांडणं मिटवत होता, आजाऱ्यांना धुवत होता.

हे शेवटचं मी अक्षरशः म्हणते आहे. विनयपिटक या भिक्खुसंघाच्या नियमांच्या पाली ग्रंथात, महावग्ग या भागात ही हकिकत आहे. एका भिक्खूला हगवण लागली होती आणि तो स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. तथागत त्यांची सेवा करणारे शिष्य आनंद यांच्यासह विहारात फिरत असताना तिथे पोहोचले. तुझी काळजी घ्यायला कुणी नाही का, असं विचारल्यावर तो म्हणाला, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडलो नाही, म्हणून ते माझ्याकडे बघत नाहीत. तथागतांनी आनंदांना पाणी आणायला सांगितलं. पाणी तथागतांनी ओतलं, अंग आनंदांनी धुतलं. मग डोक्याकडून तथागतांनी धरलं, पायाकडून आनंदांनी, आणि दोघांनी त्याला उचलून खाटेवर निजवलं. बेशुद्ध पेशंटला बेडवर घ्यायचं तर आम्ही दोघी सिस्टर अशाच धरायचो, म्हणून हा उतारा वाचताना मी नेहमी थांबते. त्यानंतर तथागतांनी संघ जमवला आणि सांगितलं की इथे तुमची आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांचं केलं नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. चांगली शुश्रूषा कोण करू शकतो, हेही तिथेच सांगितलं आहे: ज्याला औषध तयार करता येतं, पथ्य-कुपथ्य कळतं, जो लोभाने नव्हे तर मैत्रीभावाने करतो, ज्याला मलमूत्र, थुंकी, ओकारीची किळस येत नाही आणि जो रोग्याला धम्माच्या चार गोष्टी सांगून धीर देतो. नर्सिंगच्या पोरींना पहिल्या दिवशी शिकवावं असं हे आहे. याला जगाकडे पाठ फिरवणं म्हणायचं?

जम्बुखादक नावाच्या परिव्राजकाने, म्हणजे भटक्या संन्याशाने, तथागतांचे पट्टशिष्य सारिपुत्त यांना थेट विचारलं होतं की निर्वाण म्हणजे काय. उत्तर मिळालं, आसक्तीचा क्षय, द्वेषाचा क्षय, मोहाचा क्षय. त्यात माणूस विझण्याचं नाव नाही. तथागत मेल्यावर कुठे जातात, असं वच्छगोत्त नावाचा दुसरा परिव्राजक खोदून खोदून विचारत होता, तेव्हा तथागतांनी त्याला उलट विचारलं, समोरची आग विझली तर ती पूर्वेला गेली की पश्चिमेला? प्रश्नच लागू होत नाही, हे त्याला कळलं. ‘शून्यात विरून जाणं’ हेही तसलंच उत्तर आहे, जे तथागतांनी कधी दिलं नाही.

त्या बाईला मी पटाचारेची गोष्ट सांगितली. नवरा सर्पदंशाने गेला, दोन्ही लेकरं नदीपाशी दगावली, माहेरचं घर कोसळून आईबाप आणि भाऊ गेले. वेड लागून ती श्रावस्तीत उघडीनागडी फिरत होती. पुढे भिक्खुणी झाली. थेरीगाथा या भिक्खुणींच्या पाली काव्यसंग्रहात तिच्या स्वतःच्या गाथा आहेत. लोक नांगरतात, पेरतात, बायकापोरांना पोसतात. मग मी शीलाने राहूनही मला निर्वाण का मिळत नाही, असं ती विचारते. पाय धुताना पाणी उंचावरून उताराकडे वाहताना तिला दिसतं आणि तिचं मन स्थिर होतं. मग दिवा घेऊन ती कोठडीत जाते, बिछाना बघते, मंचकावर बसते आणि सुईने दिव्याची वात खाली ओढते. “पदीपस्सेव निब्बानं विमोक्खो अहु चेतसो.” दिवा विझला तसं माझं चित्त मुक्त झालं. पुढच्याच गाथांमध्ये तीस भिक्खुणी सांगतात की पटाचारेने आम्हाला शिकवलं, आम्ही पाय धुऊन एका बाजूला बसलो आणि तिचं म्हणणं करून दाखवलं. म्हणजे निर्वाणानंतर ही बाई शिकवत बसली होती.

लेखात मोक्ष, कैवल्य आणि निर्वाण एकच म्हटलं आहे, तेही घाईचं. आमचे जैन शेजारी दिवाळीच्या पहाटे भगवान महावीरांचा निर्वाणलाडू चढवतात. त्यांच्या मते मुक्त जीव लोकाच्या शिखरावर सिद्धशिलेवर कायम राहतो. अद्वैती आत्मा आणि ब्रह्म एक मानतात. बुद्ध कायमचा आत्माच मानत नाहीत. तिघांचाही मान ठेवायचा असेल तर तिघांना एका पोत्यात भरू नये.

बाबासाहेबांनी निर्वाणाच्या कल्पनेमागचे तीन विचार मांडले आहेत. आत्म्याची मुक्ती नव्हे तर सजीव प्राण्याचं सुख, तेही जिवंतपणी याच संसारात, आणि सतत पेटलेल्या विकारांच्या ज्वाळांवर ताबा. श्रीलंका, म्यानमारमधले थेरवादी, म्हणजे जुन्या पाली परंपरेचे, आचार्य जन्ममरणाचा फेरा संपण्यावर जास्त भर देतात, हे मला ठाऊक आहे आणि विहारात मी ते लपवत नाही. पण अर्हताला, म्हणजे पूर्ण मुक्त झालेल्या माणसाला, निर्वाण याच देहात, जिवंतपणी कळतं, हे तेही मानतात.

लेखासोबत आपण अजिंठ्याच्या २६व्या लेण्यातली महापरिनिर्वाणाची मूर्ती छापली होती. आम्ही भुसावळहून तिथे जातो. मूर्ती सुमारे सात मीटर लांब आहे. खाली शोक करणारे भिक्खू आणि उपासक, वर देवगण. छायाचित्रात खालची रांग कापली गेली होती. तीच माणसं महत्त्वाची आहेत. त्या रात्री आनंद रडत होते, कारण ते अजून अर्हत झाले नव्हते. तथागतांनी त्यांना जवळ बोलावून समजावलं आणि इतकी वर्षं केलेल्या सेवेबद्दल सर्वांसमक्ष त्यांचं कौतुक केलं.

पुढच्या बुद्ध पौर्णिमेला ते छायाचित्र पूर्ण छापावं आणि सोबत पटाचारेच्या गाथा मूळ पाली आणि मराठी अर्थासह द्याव्यात, ही विनंती. गाथा पाचच आहेत, एका रकान्यात मावतील. अर्थ लिहायला पाली शिकवणाऱ्या एखाद्या प्राध्यापकांना सांगावं.

आपली,
एक वाचक, भुसावळ