मारुत, एक सूत आणि एक वीत

ठाणे,
१९ ऑक्टोबर

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, खोटा इतिहास कशाला रचताय? तो काय कमी फिरतोय सगळीकडे?" तेवढ्यात तुझी गाडी आली आणि तू फोन ठेवलास. मी तो प्रश्न घेऊन बसलो. रात्री आई म्हणाली, "झोपा आता, पोरीनं सहज विचारलं असेल." असेलही. पण प्रश्न खरा आहे, आणि तू विचारलास म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. मला बोलताना नीट मांडता येत नाही, म्हणून लिहितोय.

तुझा प्रश्न मी करतोय त्या विमानाबद्दलचा. भारतात आखलेल्या मारुत या लढाऊ जेट विमानाचं छोटं मॉडेल, आणि खऱ्या मारुतला न मिळालेलं इंजिन मिळालं असं धरून मी रचलेली त्याची गोष्ट. विमान म्हणजे आपलं मारुत. तुझ्या नववीच्या सुट्टीत आणलेला, पंखांच्या जोडापर्यंत येऊन थांबलेला किट. गुढीपाडव्याच्या आधी आईनं माळा साफ करायला काढला, तेव्हा तुझ्या चित्रकलेच्या वह्यांखाली तो खोका सापडला. डाव्या पंखाच्या आतल्या बाजूला तू पेन्सिलनं केलेली फुली अजून तशीच होती. मी ती पुसली नाही. आता ती कायमची आत गेली.

७२ पट लहान, हे माप तुला तेव्हा समजावलं होतं, आठवतं का? एक इंच म्हणजे सहा फूट. उभा माणूस इंचभर. तेव्हा एक गोष्ट सांगायची राहिली होती, कारण ती मलाच या वेळी काम करताना कळली. वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला, म्हणजे कारखान्याची हत्यारं आणि साचे बनवायच्या विभागात, लागलो तेव्हा आमचे जुने मिस्त्री अजून सुतात बोलायचे. आठ सूत म्हणजे एक इंच. मग ७२च्या मापात एक सूत किती? नऊ इंच. म्हणजे बरोबर एक वीत! पंचवीस वर्षं वर्निअर हातात धरला, पण मिस्त्रींचं सूत आणि आजीची वीत असे एकमेकांना भेटतील असं कधी वाटलं नव्हतं. आता विमानावर काहीही कापताना मी मनात विती मोजतो. खरं मारुत जवळपास सोळा मीटर लांब, आपलं बावीस सेंटिमीटर.

तू दुसरीत असताना आपण वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात गेलो होतो. तिथं खरं मारुत उभं आहे. त्याच्या चाकाला हात लावून तू विचारलंस, "इतकं छान आहे तर बंद का केलं?" मी म्हणालो, जुनं झालं. ते उत्तर चुकीचं होतं. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणायची हिंमत झाली नाही. त्यानंतर मी वाचत गेलो. आज जे करतोय त्याची सुरुवात तिथं आहे.

कुर्ट टँक हे नाव तुला तिकडे जर्मनीत ऐकू येत असेलच. दुसऱ्या महायुद्धातलं फोके-वुल्फ १९० हे लढाऊ विमान ज्यांनी केलं ते. १९५६ साली ते आपली माणसं घेऊन बंगळुरूला आले. त्याच्याही आधी, १९५१ मध्ये, तिथंच एचटी-२ हे आपलं शिकाऊ विमान उडालं होतं, आणि ते करणारे डॉ. विष्णू माधव घाटगे कोल्हापूरकडचे. त्यांनी डॉक्टरेट गॉटिंगेनला केली, प्रांटल यांच्या हाताखाली. तू जर्मनीला निघालीस तेव्हा मी स्टेशनवर घाटग्यांचं नाव काढलं होतं, तुझं सगळं लक्ष वजनकाट्यावरच्या बॅगेकडे होतं. असो. टँक यांच्या हाताखाली आपल्या लोकांनी आधी लाकडाचं पूर्ण मापाचं ग्लायडर केलं, डकोटा विमानामागे बांधून उडवून पाहिलं. मग १७ जून १९६१ ला सुरंजन दास यांनी मारुत पहिल्यांदा उडवलं. युरोप, अमेरिका आणि रशिया सोडून बाहेरच्या देशात घडवलेल्या पहिल्या काही लढाऊ जेट विमानांपैकी ते एक.

पण ज्या इंजिनासाठी विमानाचं अंग आखलं होतं ते इंजिन आलंच नाही. ब्रिटनच्या ब्रिस्टल कंपनीचं ऑर्फियस १२. मारुतला दोन लागायची, आफ्टरबर्नरसकट (मागच्या नळीत जादा इंधन जाळून रेटा वाढवणारा भाग) प्रत्येकी साडेतीन टनांच्या वर रेटा देणारी. ब्रिटनकडे त्याला गिऱ्हाईक उरलं नाही, पुढच्या कामाचा खर्च भारतानं द्यावा असं ठरलं, आणि दिल्लीनं तो दिला नाही. मग नॅट या छोट्या लढाऊ विमानासाठी बंगळुरूत जे ऑर्फियस बनत होतं त्याचाच भाऊ मारुतला बसवला, सव्वादोन टनांच्या आसपास रेट्याचा, आफ्टरबर्नर नसलेला. आवाजाच्या दुप्पट वेगासाठी आखलेलं अंग आवाजाच्या वेगाशी कसंबसं जाऊन टेकायचं. दुसरी इंजिनं शोधली, इजिप्तच्या ई-३०० इंजिनासाठी एक मारुत तिकडे पाठवलं, १९६७ मध्ये उडवूनही पाहिलं. त्याचंही पुढे काही झालं नाही. एकूण १४७ मारुत झाली आणि तो विषय संपला. आपल्याकडे नव्यानं आखलेलं पुढचं लढाऊ विमान, तेजस, पहिल्यांदा उडालं ४ जानेवारी २००१ ला. मधे चाळीस वर्षं गेली मनू. आणि तेजसचं इंजिनही बाहेरूनच येतं.

ही चाळीस वर्षं माझ्या मनात रुतून बसली आहेत. आमच्या टूलरूममध्ये एकदा सहा महिने खपून एक डाय, म्हणजे प्रेसमध्ये पत्र्याला आकार देणारा साचा, केली होती, तुझ्या जन्माच्या वर्षी. गिऱ्हाइकानं प्रेस घ्यायचं रद्द केलं. डाय ग्रीस फासून कोपऱ्यात ठेवली. डाय करणारे आम्ही चौघं, त्यातले दोघं वर्षभरात सोडून गेले. लोखंड तसंच राहतं, हात पांगतात. मारुतनंतर बंगळुरूत काय झालं असेल हे मला त्या डायवरून समजतं.

म्हणून मी ठरवलं की आपलं मारुत ऑर्फियस १२ घेऊन उभं राहील. घडलेल्यातली एकच गोष्ट बदलायची: दिल्लीनं पैसे दिले. बाकी काहीही आपल्या सोयीनं हलवायचं नाही. जे हलेल ते या एका गोष्टीमुळे हलायला हवं.

आणि इथं मी अडकलो. पैसे दिले, पण कुठून? १९५७-५८ ला परकीय चलनाची भीषण टंचाई होती. हवेतून पौंड येणार नव्हते. त्याच सुमाराला, १९५७ मध्ये, आपण ब्रिटनकडून १६० हंटर विमानं मागवली होती. तेव्हा मी वहीत लिहिलं, हंटर १४०, उरलेले पैसे इंजिनाला. लिहून झोपलो आणि रात्री दोनला जाग आली. लोंगेवाला! ५ डिसेंबर १९७१ च्या सकाळी जैसलमेरहून उडालेल्या मोजक्या हंटरनी तिथं पाकिस्तानी रणगाडे रोखले. माझ्या खोडलेल्या वीस विमानांत त्यातलं एखादं असेल तर? रात्रभर चौकी धरून बसलेली माणसं सकाळ होण्याची वाट पाहत होती, विमानं आली म्हणून तरली. मी गादीवर बसून त्यांच्या वाट्याचं विमान काढून घेतलं होतं. तू हसशील, पण मला खरोखर घाम फुटला. त्या युद्धात मारुतही राजस्थानात लढली, एक इंजिन गेल्यावर दुसऱ्यावर परत आली. माझी जास्त ताकदीची मारुत ती उणीव भरून काढतील असं म्हणता येईल. पण ते मला हवं म्हणून म्हणणं झालं. मी हंटर १४० च ठेवली आणि पुढे लिहिलं, "याची किंमत कोणी दिली असती ते सांगता येत नाही."

आता हातकामाचं सांगतो, कारण खरा वेळ त्यात गेला.

आफ्टरबर्नर आला की शेपटीकडची दोन नळकांडी लांबट आणि रुंद होणार. साधारण दहा मिलिमीटर व्यासाची नळी हवी होती. घरभर शोधलं. शेवटी आजीच्या औषधांच्या डब्यात २ मिलीच्या सिरिंज मिळाल्या, न वापरलेल्या, पाकिटबंद. माप जवळपास जुळलं. कापल्या, चिकटवल्या, रंग दिला. सकाळी नखानं टोकरलं तर रंग सापाच्या कातीसारखा अख्खा निघून हातात आला, आणि सांधाही सुटला. सिरिंजचं प्लास्टिक वेगळं असतं, पॉलिप्रॉपिलीन. किटचं पॉलिस्टायरीन मॉडेलच्या गोंदानं, त्याला सिमेंट म्हणतात, विरघळून एकजीव होतं, याच्यावर सिमेंट नुसतं बसून राहतं. टूलरूमच्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. मग सिरिंजचा साचा केला. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कात्रीनं कापून त्याभोवती गुंडाळला, सांध्याला चिकटवला, आणि आतली सिरिंज हळूच ओढून घेतली. रंग चिकटत नाही तसा गोंदही तिला चिकटत नाही, त्यामुळे ती अलगद सुटली. पत्रा जेमतेम ०.१ मिलिमीटरचा, आतून तसाच चकचकीत. कडेला मेणबत्ती धरली तर निळसर, मग तपकिरी झाक आली, तापलेल्या पोलादासारखी. ती मेणबत्तीची काजळी होती, पण दिसते छान, म्हणून राहू दिली.

मागचं वजन वाढल्यावर विमान शेपटीवर बसायला लागलं. नाकात शिसं भरायला हवं. आई चेंदणी कोळीवाड्यातून मासे आणते त्या मावशींना विचारलं, जाळ्याचं शिसं मिळेल का. त्यांनी चार मणी दिले, पैसे घेतले नाहीत. "पोरीचं विमान हाय ना?" म्हणाल्या. त्यांना तू लक्षात आहेस. तीन मणी ठोकून चपटे केले, पायलटच्या पुढच्या पोकळीत बसवले, आणि विमान तीन चाकांवर उभं राहिलं.

मग पाऊस. जुलैत चंदेरी रंगावर वार्निश मारलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत पांढरं पडत गेलं, दुधावर साय धरावी तसं. येऊरवरून ढग थेट आपल्या गॅलरीत उतरलेले, हवा पिळून पाणी काढावं अशी. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी तिथं बसतं आणि वार्निशमध्ये अडकतं. आईनं विमान तांदळाच्या डब्यात ठेवायला सुचवलं. ठेवलं असतं, पण वास भाताला लागला असता. शेवटी नवरात्र होईपर्यंत हात लावला नाही. मागच्या रविवारी कडक ऊन पडलं, नुसता थिनर हलका फवारला, आणि साय विरघळून खालची चांदी पुन्हा दिसली.

शेपटीवरचा नंबर मुद्दाम खऱ्या कुठल्याही विमानाचा घेतला नाही. बऱ्याच मारुतवर बीडी आणि तीन आकडे असत. मी बीडीपुढे चार आकडे लावले. प्रत्येक खऱ्या नंबरात कोणी ना कोणी बसलं होतं. त्यांची विमानं त्यांची आहेत.

आणि आता ज्यानं मला सगळ्यात जास्त छळलं ते. १० जानेवारी १९७० ला ग्रुप कॅप्टन दास बंगळुरूला मारुतची चाचणी घेताना गेले. त्या मारुतमध्ये जुन्याच ऑर्फियसला आफ्टरबर्नर जोडून पाहत होते. म्हणजे माझ्या कथेत योग्य इंजिन आधीच आलेलं असताना ती चाचणी झालीच नसती. मी लिहिलंही होतं, की १९७१ मध्ये दास अमुक तुकडीला भेट देतात. दोन ओळी. दुसऱ्या दिवशी वाचल्या आणि अंगावर काटा आला. इंजिन बदलणं वेगळं. गेलेल्या माणसाला मी उठवून बसवायचं, त्याच्या तोंडी हसू घालायचं, आणि त्याच्या घरच्यांनी वाचलं तर? त्या ओळी खोडल्या. तो जिवंत आहे असं म्हणवत नाही, आणि माझ्या कथेत तो जातो असंही लिहवत नाही. म्हणून माझा इतिहास ३१ डिसेंबर १९६९ ला संपतो. १९७१ चा जो हिशेब वर सांगितला, तो वहीतच राहिला, कार्डावर नाही.

हे कार्ड विमानाखालच्या सागवानी पाटीला लावलंय. पहिली ओळ मोठ्या अक्षरात: "हे विमान झालं नाही." त्याच्या खाली खरं काय घडलं, सालांसकट. मग रेघ. आणि रेघेखाली माझी गोष्ट, हंटरच्या किमतीसह. तू म्हणतेस तो खोटा इतिहास मलाही रोज सकाळी फोनवर येतो. त्याच्यात रेघ नसते, आणि कोणाचं काय गेलं हे तर कधीच नसतं. हे कार्ड लिहायला मला खरा इतिहास जितका वाचावा लागला तितका आयुष्यात वाचला नव्हता. तुला दुसरीत दिलेलं उत्तर मी त्या रेघेच्या वर दुरुस्त केलंय.

तुझं उत्तर याहून वेगळं असेल तर सांग. रेघ पुरेशी नाही असं वाटलं तरी सांग.

एक काम आहे. म्युनिकहून एस-१ नं ओबरश्लाइसहाइमला जा. तिथल्या विमानतळावर डॉइचेस म्युझियमचा विभाग आहे, आणि त्यात एक मारुत उभं आहे. मागे जाऊन दोन नळकांड्यांच्या मधलं अंतर बघ. मी नकाशावरून धरलंय, पण नकाशा लहान आहे आणि माझा चष्मा जुना. हात लावू देणार नाहीत, दोरीच्या अलीकडूनच वीत धर आणि फोटो कोणाला तरी बरंच मागून काढायला सांग, नाहीतर जवळची वीत मोठी दिसेल. तुझी वीत आता नऊ इंच भरत असेल. फोटोत ती किती वेळा बसते ते मोजून कळव, तितकी सुतं मी इकडे सोडतो.

मेतकूट आणि लसणाची चटणी वेगळ्या पार्सलनं पाठवलीय.

तुझा,
बाबा